इनडोअरमधला माग

फेटा लहानूजींच्या डोक्यावर काही केल्या बसेना. भूपेशने तो बांधला, सोडला, पुन्हा बांधला आणि शेवटी मागच्या बाजूने एक टाचणी खुपसून मोकळा झाला. मग मागे सरून त्याने मोबाईलमधून त्यांच्याकडे पाहिलं.

"हसा ना काका जरा. तेरवीले आल्यासारखे काहून बसून राहिले?"

लहानूजी हसले. खरं सांगायचं तर हसू मघापासूनच येत होतं, ते कसंबसं दाबून बसले होते. समोर हातमाग होता, मागावर टसर रेशमाची करवतकाठी साडी चढलेली होती, आणि इनडोअरच्या ऐन मधोमध, तोंडावर दिव्यांचा उजेड घेऊन लहानू हेडाऊ बसले होते. आजवर या फ्लोअरवर ते आले ते नेट बांधायला, झाडायला, नाहीतर खुर्च्या मांडायला. लोकांची नजर त्यांच्यावरून सरळ पुढे जायची, मागच्या खेळाडूवर नाहीतर मागच्या स्टेजवर. आज लोक थांबून त्यांच्याकडेच बघत होते.

हातमाग प्रदर्शनाचं उद्घाटन होतं. पाहुण्यांच्या गाड्या फाटकाशी लागल्या होत्या आणि मागावर बसणारी उमरेडची रंभाबाई पाचगावच्या अलीकडे बंद पडलेल्या एसटीत अडकली होती. पाहुण्यांना विणकाम दाखवायचं हे पत्रिकेतच छापलेलं. प्रदर्शनाचं कंत्राट ज्यांनी घेतलं त्यांचा भूपेश हा माणूस, कानात यंत्र घालून एकाच वेळी तिघांशी बोलणारा. त्याने चौफेर पाहिलं आणि त्याला लहानूजी आठवले. ते आठवणारच होते. गेले दोन दिवस लहानूजींनी जाता-येता त्याला ऐकवलं होतं, की आपण कोष्टी आहोत आणि विणणं आपल्या बोटांत आहे.

"ते बाई हात लावू देऊ नका म्हणून गेली," असं लहानूजी म्हणाले होते, नाही असं नाही. पण ते इतकं हळू म्हणाले, की कानात यंत्र घातलेल्या भूपेशला ते ऐकूही गेलं नाही. दुसऱ्यांदा ते म्हणाले नाहीत. फेट्यासाठी मान मात्र लगेच पुढे केली.

इनडोअर म्हणजे धरमपेठेच्या मागच्या अंगाचं ते मोठं, गोल छपराचं स्टेडियम. पाटीवर त्याला कुणा दिवंगत पुढाऱ्याचं लांबलचक नाव आहे, पण ते पाटी रंगवणाऱ्याशिवाय कोणी पूर्ण वाचलेलं नाही. रिक्षावाल्याला इनडोअर म्हटलं की पुरे. ते बांधलं तेव्हा त्याचं काय कौतुक होतं! आत सागवानी फ्लोअर, त्यावर चपला घालून जायची बंदी, उन्हाळ्यातही आत थंडगार. बॅडमिंटनच्या मोठ्या स्पर्धा व्हायच्या आणि संध्याकाळी धरमपेठेतली कुटुंबंच्या कुटुंबं आवरून-सावरून खेळ बघायला यायची.

त्याच सुमारास टिमकीतला लहानूच्या बापाचा माग बंद पडला होता. विणकरांची सोसायटी बुडाली, सूत मिळेना, माग विकून जागा भाड्याने दिली आणि पोरगं मिळेल त्या कामाला निघालं. इनडोअरबाहेर मांडव ठोकणाऱ्यांत ते होतं. स्पर्धेच्या तोंडावर एक नेट फाटलं, नवं यायला वेळ होता, आणि या पोराने पायरीवर बसून ते बोलता बोलता विणून दिलं. दोरा बोटाभोवती फिरवायचा, खालून घ्यायचा आणि कच्चून ओढायचा, अशी त्याची स्वतःची एक गाठ होती. शटल कितीही जोरात आदळलं तरी ती सुटत नसे. तिथल्या बॅडमिंटनच्या कोचने विचारलं, कुठे शिकलास? पोरगं म्हणालं, "कोष्ट्याचं बोट आहे जी." कोच खूश झाले आणि लहानूला कायमचं ठेवून घेतलं.

हे एक वाक्य लहानूजींना जन्मभर पुरलं. कोणी खोदून विचारलं असतं तर कळलं असतं, की घरी माग होता तोवर लहानूने फक्त कांड्यांवर सूत भरून दिलं होतं. बाप जेवायला उठला की चोरून धोटा चार वेळा इकडून तिकडे टाकायचा, बाप हात धुऊन आला की पळायचं, एवढीच त्याची विणकरी. पण असं खोदून कोण विचारतं?

पुढे इनडोअरचे दिवस पालटले. खेळाडू नव्या संकुलांकडे गेले. मग इथे कधी मतमोजणी झाली, कधी नोकरभरतीच्या परीक्षा, कधी महाराजांचे सत्संग, कधी चादरी-साड्यांचे सेल, तर कधी कोचिंग क्लासवाल्यांची दिवसभराची भाषणं. करोनात खाटा लागल्या. सागवानी फ्लोअर आधी गालिच्याखाली गेलं, मग प्लायवूडखाली, आणि आता ते कसं दिसायचं हे नव्या माणसांना ठाऊकही नाही. इनडोअरला त्याचं काही नव्हतं. जे दारातून आत आलं त्याला त्याने जागा दिली. लहानूजींना मात्र दर खेपेला थोडं खाली यावं लागलं. आधी त्यांना 'नेटवाले' म्हणत, मग 'ते स्टोअरचे' म्हणू लागले, मग नुसतं 'ओ काका, खुर्च्या'. नेटं गेली, कोच गेले. आपण कोष्टी आहोत ही एकच गोष्ट तेवढी त्यांच्यापाशी जशीच्या तशी राहिली होती, आणि ती ते जपून वापरत नसत, हे कबूल केलं पाहिजे.

म्हणूनच आदल्या संध्याकाळी रंभाबाई निमजे टेम्पोतून उतरली तेव्हा लहानूजी भूपेशच्याही आधी तिच्यापाशी पोचले. साठी ओलांडलेली, काटकुळी बाई. तिने स्वतःचाच माग सुटा करून आणला होता, अर्धवट साडीसकट. भूपेशने शोभेचा, सूत न चढवलेला एक माग ठेवला होता, त्याला तिने हातही लावला नाही. मेलेल्या मागावर आपण बसत नाही म्हणाली. तिची साडी प्रदर्शनातल्या स्पर्धेत होती आणि पदराची शेवटची वीतभर विणाई तेवढी राहिली होती. परीक्षक येतील, त्यांच्यासमोर ती वीतभर विणायची आणि साडी मागावरून उतरवायची, असा नियम होता. पहिल्या आलेल्या साड्या वर्षभर प्रदर्शनांतून फिरणार होत्या, विणणाऱ्याच्या नावाच्या पट्टीसह. रंभाबाई लहानपणापासून विणत आलेली. तिच्या साड्या कुठे कुठे गेल्या असतील, पण गेल्या त्या व्यापाऱ्याच्या नावाने. पट्टीवर आपलं नाव कसं दिसतं हे तिला एकदा बघायचं होतं. हे तिने लाजत लाजत, मागाचे खांब जुळवताना सांगितलं.

लहानूजींनी मग आपलं सांगितलं. टिमकीचे हेडाऊ, बाप अमका, माग अमक्या बोळात. तिचा मामा त्याच बोळातला निघाला. बाईचा चेहरा एकदम सैल झाला. रात्री इथे थांबायची सोय नव्हती, तिला शेवटच्या गाडीने परत जाऊन सकाळी यायचं होतं. मागावर चादर घालता घालता ती म्हणाली, "आता मले चिंता नाही भाऊ. कोणाचा हात लागू देऊ नका. तुम्ही आपले आहा, तुम्हाले का सांगावं म्हणा."

त्या रात्री जेवताना लहानूजींनी हे शब्द बायकोला, कुसुमला, जसेच्या तसे ऐकवले. कुसुम म्हणाली, चला, कुठंतरी तुमची कदर झाली.

आणि आता ते त्याच मागावर फेटा बांधून बसले होते.

पहिले काही धोटे छान गेले. खालच्या पावडीवर पाय पडला, ताण्याचे उभे तार उघडले, धोटा या हातातून त्या हातात आला आणि फणीचा ठोका बसला. बाप जेवायला उठल्यावर चोरून ऐकलेला तोच आवाज. लहानूजींच्या अंगावर काटा आला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. एका बाईंनी व्हिडिओ घ्यायला सुरुवात केली आणि जरा भरभर चालवा ना, म्हणाल्या. लहानूजींनी भरभर चालवला. धोटा तिरका गेला, काठाजवळ अडकला आणि चार-सहा तार तटातट तुटले.

तिथेच उठायला हवं होतं. पण समोर मोबाईल होता, आणि कोणीतरी अरेरे म्हणालं होतं. लहानूजींनी तुटलेली टोकं पकडली आणि भराभर गाठी मारल्या. बोटाभोवती फिरवून, खालून घेऊन, कच्चून. बघणारे थक्क झाले. "काय बोटं आहेत हो यांची," पाहुणे म्हणाले. लहानूजींनी मान लववली आणि पुन्हा धोटा टाकला.

नेटच्या दोराची गाठ ती. फणीच्या दातांतून एका बारीक ताराला जेमतेम वाट असते. विणकर म्हणूनच तुटलेल्या ताराला गाठ मारत नाही, राखेचं बोट लावून पीळ देतो, की सांधा दिसतही नाही आणि लागतही नाही. लहानूजींनी हे पाहिलेलं होतं. बोटांना ते कधी आलं नव्हतं. गाठी फणीशी आल्या आणि अडल्या. हाताला ते कळलं. तरी त्यांनी फणी जोर लावून ओढली, आणि करवतकाठाचे तार झुपक्याने तुटून वर आले. पदराच्या तोंडाशी, ऐन काठात, भसका पडला.

त्यांनी त्यावर तळहात ठेवला, दुसरा हात कपाळाशी नेऊन पाहुण्यांना नमस्कार केला आणि उठले. कोणाला काही दिसलं नाही. पाहुणे पुढच्या स्टॉलकडे वळले. लहानूजींनी चादर ओढून मागावर घातली, अगदी रंभाबाईने घातली होती तशी, चारी कोपरे सारखे करून.

नंतर ते स्टोअरमध्ये जाऊन बसले. फेटा काढताना टाचणी टोचली तेही त्यांना बरं वाटलं. माणसाला लाज वाटते तेव्हा आधी वाटतं, कोणी पाहिलं का? कोणी पाहिलं नव्हतं. तरी ती जाईना. मग ते एकदा चादरीपाशी जाऊन आले. कोपरा उचलला, सोडला आणि परत आले. सांधता येण्यासारखं असेलही, पण कोणाला? इतकी वर्षं आपण लोकांना काय सांगत आलो, हे त्यांना त्या स्टोअरमध्ये गुंडाळलेल्या गालिच्यावर बसल्या बसल्या स्वच्छ दिसलं, आणि तोंड लपवायला जागा पुरेना.

रंभाबाई दुपारी आली. उशीर झाला म्हणून भूपेशची माफी मागून ती आधी लहानूजींकडे वळली. तिने त्यांच्यासाठी भिवापूरच्या मिरच्यांची पुडी आणली होती, वहिनीले द्या म्हणाली. तुम्ही इथं होते म्हणून जीव थाऱ्यावर होता, असंही म्हणाली. लहानूजींनी पुडी घेतली. नको म्हणायचं तरी कोणत्या तोंडाने?

मग तिने चादर काढली.

तिचं बोट भसक्याच्या कडेवरून फिरलं.  भूपेशने वाकून पाहिलं, त्याच्याही लक्षात आलं असावं, पण संध्याकाळी परीक्षक यायचे होते आणि त्याला भानगड नको होती. पब्लिक ऐकत नाही मावशी, पोट्टे हात लावतात, असं काहीतरी बोलून तो फोन कानाला लावून निघून गेला. रंभाबाईने लहानूजींकडे पाहिलं.

"भाऊ, कोणी बसलं होतं का मागावर?"

"गर्दी लय होती जी," लहानूजी म्हणाले. "पाहुणे आले होते. मी मंग..."  बोलले ते सारं खरंच होतं, पण तिने विचारलं त्याचं ते उत्तर नव्हतं.

रंभाबाईने पदर खोचला. खाली बसून तिने एकेक तार बोटावर घेऊन पाहिला. आता तिच्या आवाजात रडू नव्हतं, कामाची घाई होती. दोघं बसले तर परीक्षक येईपर्यंत सांधून होईल, म्हणाली. काठाला वण राहील, पण साडी तरी उतरेल. तिने पिशवीतून राखेची डबी काढली आणि लहानूजींपुढे धरली.

"तुम्ही तिकडून सांधा, मी इकडून घेतो."

"माझी सवय गेली जी."

"बसा हो भाऊ. आपल्या माणसाची सवय कुठं जाते."

तेव्हा बोलायला हवं होतं. लहानूजी बसले. दोन टोकं घेतली, राखेत बोट बुडवलं. पीळ कसा द्यायचा ते त्यांना डोळ्यांपुढे दिसत होतं, बापाचा अंगठा तर्जनीवरून कसा सरकायचा तेही दिसत होतं. त्यांनी अंगठा सरकवला. तार सुटले. पुन्हा धरले, पुन्हा सुटले. मग बोटं घाबरली आणि त्यांनी आपल्याला येत होतं ते केलं. फिरवलं, खालून घेतलं, कच्चून ओढलं.

रंभाबाईचा हात थांबला. तिने ती गाठ पाहिली. मग मागावर सकाळपासून लोंबत असलेल्या तुटक्या तारांवरच्या गाठी पाहिल्या. त्या सगळ्या एकाच हाताच्या होत्या, ते सांगायला विणकरच हवा असं नव्हतं.

"सकाळी मीच बसलो होतो," लहानूजी म्हणाले.

बाजूच्या स्टॉलवर कोणी रेशमाचा भाव करत होतं.  रंभाबाईने विचारलं, रागावून नाही, खरंच कळत नसल्यासारखं.

"तुम्हाले येत नव्हतं, तर काहून बसले?"

लहानूजींनी उत्तर शोधलं. भूपेशने बसवलं असं सांगता आलं असतं. "लोक पाहून राहिले होते जी," ते म्हणाले. "मले बरं वाटून राहिलं होतं."

एवढं बोलून त्यांची मान जी खाली गेली ती वर येईना. चार शिव्या दिल्या असत्या तर त्यांनी त्या दोन्ही हातांनी घेतल्या असत्या. रंभाबाईने शिवी दिली नाही. तिने पुढे वाकून त्यांच्या पुढ्यातली राखेची डबी उचलली आणि आपल्या मांडीशी ठेवली.

"साहेब, जरा तिकडं सरका," ती म्हणाली. "उजेड अडून राहिला."

लहानूजी सरकले. कालपासूनचं भाऊ गेलं, आपला माणूस गेलं, आणि त्या बाईच्या लेखी ते ऑफिसातला कोणी एक साहेब झाले. सगळ्या हयातीत त्यांना साहेब म्हणणारी ती पहिलीच. याहून मोठी शिक्षा तिला सुचली नसती, आणि तिने ती शिक्षा म्हणून दिलीही नव्हती. परक्या माणसाशी बोलावं तसं ती बोलली, इतकंच.

त्यानंतर ती एकटीच सांधत राहिली. आधी लहानूजींच्या गाठी कापून काढल्या, मग एकेक टोक राखेत बुडवून पीळ दिला. परीक्षक आले तेव्हा निम्मंही झालं नव्हतं. ती उठून उभी राहिली आणि हात जोडून म्हणाली, यंदा माझी साडी धरू नका. परीक्षकांनी वाकून काठ पाहिला, कसं झालं म्हणून हळहळ केली. तिने लहानूजींचं नाव घेतलं नाही. मागं कुठंतरी तार तुटला म्हणाली. दोन हातांच्या अंतरावर उभ्या असलेल्या लहानूजींनी ते ऐकलं आणि त्यांना वाटलं, नाव घेतलं असतं तर बरं झालं असतं.

परीक्षक पुढे गेले. रंभाबाई पुन्हा बसली. स्पर्धा गेली तरी साडी पुरी करायचीच होती. राहिलेले तार सांधून तिने धोटा हाती घेतला तेव्हा पाच-सहा माणसं जमली. त्यांतल्या एका तरुण बाईने मागाकडे पाहिलं, मोबाईलकडे पाहिलं आणि मग कडेला उभ्या लहानूजींकडे. सकाळचा व्हिडिओ तिच्यापर्यंत पोचला होता. त्यात फेटा होता, टाळ्या होत्या आणि ते झरझर गाठी मारणारे हात होते. तिने तो हौसेने त्यांच्यापुढे धरला आणि विचारलं, हे विणकर तुम्हीच ना? एक सेल्फी घेऊ का तुमच्यासोबत, मागापाशी?

जमलेली माणसं वळून लहानूजींकडे पाहू लागली. रंभाबाईने मान वर केली नाही, पण तिचा धोटा हातातच राहिला.

"व्हिडिओत मीच हाव जी," लहानूजी म्हणाले. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं त्यांनी सांगितलं. "विणकर ह्या बाई आहेत. त्यांची साडी माझ्यानं बिघडली. मी इथं खुर्च्या लावतो."

बाईने मोबाईल खाली घेतला.  बक्षीस समारंभाची वेळ होत आली होती आणि भूपेश स्टेजवरून हाका मारत होता. लहानूजी खुर्च्या आणायला गेले.